देवक उठवायचं राहिलं

नाटक संपल्यावर टाळ्या वाजवणं हा देवासकरांच्या लेखी नुसता शिष्टाचार. खरा निकाल लागायचा तो नंतर, मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात, पोह्यांची प्लेट हातात आल्यावर. पोह्यांवर शेव पडली, जीरावन मसाला भुरभुरला, की एकेका नटाची सालं निघायला सुरुवात व्हायची. नारायणराव धोतराचा सोगा सावरत मुद्दाम त्या घोळक्याजवळ उभे राहात. आपल्याविषयी लोक काय बोलतात ते ऐकायची हौस कुणाला नसते?

'संगीत मांडवशोभा' हे दरबारी काळातलं नाटक दिग्दर्शिका सुमंगलाताईंनी पुन्हा उभं केलं त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. खुर्च्या नाहीत, पडदा नाही. टेकडीच्या पायथ्याचं कार्यालय हेच लग्नघर, आणि तिकीट काढून येईल तो वऱ्हाडी. दारात गंध लागायचं, अत्तर मिळायचं, पंगतीत बसून लाडू खायचा आणि समोर, मागे, शेजारी लग्न चालू. देवासला प्रयोग असला की प्रेक्षक वधूकडचे, धारला असला की वराकडचे. धारची मंडळी ही सोयरीक इतकी मनावर घ्यायची, की एकदा एक गृहस्थ लाडवाचा आग्रह झाला नाही म्हणून पानावरून उठून गेले आणि पुढच्या प्रयोगाला रुसव्यासकट हजर झाले. दुपारी सुरू झालेलं नाटक बरोबर गोरज मुहूर्तावर अंतरपाटाशी येई आणि दिवे लागायच्या सुमारास मुलीच्या पाठवणीत संपे.

नारायणराव वधूपिता. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. ज्याला मीटर लावता येत नाही ते नसतंच, असा त्यांचा साधा हिशेब. वधूमायचं काम पहिल्या प्रयोगापासून त्यांची बायको नर्मदाबाई करत होती. भाद्रपदात ती गेली, भरल्या कपाळानं, चार दिवसांच्या तापात.

नाटक थांबलं. मग सुमंगलाताईंनी इंदूरची एक शिकलेली गायिका बघितली, तेव्हा नारायणरावांनी मध्येच सुनेचं नाव पुढे केलं. रुची सरदारपूरची, शाळा सगळी हिंदीतली. गळा गोड, पण मराठी लंगडी. दिवाळीनंतरचे प्रयोग हिला द्या, लोकांनी नाही स्वीकारली तर नाटक बंद करू, असं ते बोलून बसले. रुचीनं ऐकलं तेव्हा ती रडवेली झाली.

"बाबा, माझ्याकडून निभेल का? आईंचं ते जुनं बोलणं माझ्या तोंडात बसतच नाही. लोग हसेंगे."

"हसू देत. तू गा."

तिनं सासूची सेवा केली होती. शेवटच्या रात्री नर्मदाबाईंचे पाय तिच्याच मांडीवर होते. आईंची जागा रिकामी बघवत नाही, एवढं म्हणून ती उभी राहिली.

नाटकाची सुरुवातच वधूमायच्या फेरीनं होई. लग्नाआधी देवक बसवायचं म्हणजे कुलदेवतेला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं बोलावून सुपात स्थान द्यायचं. नर्मदाबाईंनी पहिल्याच तालमीला हट्ट धरला होता, की खोट्या मांडवात खरं गाणं येत नाही, देवक खरं बसवा. त्यामुळे सूप खरं, सुपाऱ्या, कलश, आंब्याची पानं खरी, मंत्रही खरे. वधूमाय ते सूप घेऊन पंगतीतून फिरे, गात:

पहिली अक्षत गे, टेकडीच्या माउलीला,
दुसरी अक्षत गे, दूर गेल्या सावलीला.

आणि प्रत्येक वऱ्हाड्यानं आपल्या घरातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव सांगून सुपात अक्षत टाकायची. लोक नाटकाला पुन्हा पुन्हा येत ते खरं म्हणजे यासाठी. कुणी आजोबांचं नाव घेई, कुणी बहिणीचं, आणि मग लाडू खाताना डोळे पुसत राही.

रुचीच्या पहिल्या प्रयोगात सूप वधूपित्यापुढे आलं. तिथं दरवेळी नारायणराव आपल्या आईचं नाव घेत. त्या दिवशी तोंडून 'नर्मदा' गेलं आणि आवाज फाटला. व्हरांड्यात त्याची फार वाहवा झाली. रुचीविषयी मात्र एकानं सांगितलं, की गळा छान, पण भाषा आत्ताच सरदारपूरच्या बसमधून उतरलीय.

कृष्णराव नेहमीप्रमाणे एकाच मुद्द्यावर अडून बसले. हे निवृत्त प्राचार्य. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी जुना प्रयोग पाहिला होता, आणि आता एकही चुकवत नसत. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या नाटकात पाठवणीनंतर देवक उठवायचा प्रवेश होता. बोलावलेल्यांना निरोप द्यायचा, सूप हलवायचं, मग मांडव मोकळा. सुमंगलाताईंनी तो कापला होता, कारण रडणाऱ्या प्रेक्षकाला परत सुपाऱ्यांपाशी आणून बसवलं की रडू ओसरतं. "बोलावता आणि जा म्हणत नाही," कृष्णराव पोहे चावत म्हणायचे, "हे कसलं कार्य?" लोक हसून घ्यायचे.

पुढचा प्रयोग धारला होता. तिथल्या एका बाईंनी नारायणरावांना गाठून सुनेचं कौतुक केलं आणि विचारलं, की तिच्या मागं उभं राहून सूर धरणाऱ्या त्या बाई कोण? त्यांना जरा उजेडात आणा, फार मायेनं गातात. मागं कुणी नव्हतं. हॉल घुमतो, असं नारायणरावांनी सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

मग मात्र रुचीची भाषा सुधारू लागली. आधी 'गे' बसलं. मग 'इश्श' आलं, मग शब्दावरचा तो हलका हेल, जो नर्मदाबाईंनी आपल्या आजीकडून उचलला होता आणि जो आता देवासात कुणाकडे उरला नव्हता. व्हरांडा एकमतानं म्हणाला, की आता भूमिका अंगात भिनली. पौष संपेपर्यंत पंगती खांद्याला खांदा लावून बसायला लागल्या. सुमंगलाताईंचे पाय जमिनीवर नव्हते.

नारायणरावांना एक गोष्ट खटकली. आत पाय ठेवायला जागा नसे, आणि बाहेर चपलांचा ढीग मात्र पहिल्या वर्षाएवढाच. लोक गाडीतच काढून येत असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण आयुष्यभर युनिट आणि भार यांची जुळणी बघितलेल्या माणसाला ते जुळेना.

घरीही बदल झाला, आणि खोटं कशाला बोला, तो त्यांना आवडला. रुची जेवायला वाढताना भाताच्या मुदीवर वरण घालायच्या आधी नर्मदाबाईंसारखी क्षणभर थांबायला लागली. रात्री दारातून विचारू लागली, "गोळी घेतलीत का, का मी उठू?" हे वाक्य तीस वर्षं त्यांनी कंटाळून ऐकलं होतं. आता ते ऐकायला मिळावं म्हणून ते गोळी हातात धरून बसून राहात. दुःख हलकं झालं होतं. घरात पुन्हा कुणीतरी आपलं माणूस वावरत होतं, आणि कसं ते त्यांना विचारायचंच नव्हतं.

गुढीपाडव्याच्या सकाळी सरदारपूरहून रुचीच्या आईचा फोन आला. माय-लेकींचं बोलणं मालवीत चालायचं, खिदळत, तासभर. रुचीनं फोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि कपाळाला आठी घालून तो नारायणरावांपुढे धरला.

"कुणी बाई आहेत. रडताहेत बिचाऱ्या. काय बोलतात काही उमगत नाही."

पलीकडून रुचीची आई विचारत होती, की माझ्या पोरीला काय झालं.

नारायणरावांचा मुलगा, रुचीचा नवरा अजेय दारात उभा होता. पीथमपूरच्या कारखान्यात तो पाळ्या करायचा, अर्धा वेळ झोपेतच असायचा; पण त्यानं हे पाहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "बाबा, रात्री ती मला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते. तिला कशा माहीत?"

त्या दिवशी नारायणराव जेवले नाहीत. एका पोरीला तिची आई ओळखू येईना, आणि आपण गोळीचं निमित्त करून बसलो होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी अजूनही तो आवाज हवासा वाटत होता. हे जास्त वाईट होतं. संध्याकाळी ते सुमंगलाताईंकडे गेले आणि म्हणाले, की येत्या रविवारी देवक उठवायचं. शेवट पडेल, असं त्या म्हणायला गेल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी कापलेला प्रवेश काढून दिला.

रविवारी कार्यालय कधी नव्हतं इतकं भरलं. चैत्राची उष्ण हवा, पंखे फिरत होते, पण माणसांच्या गर्दीची ऊब मात्र कुठेच नव्हती. सूप फिरवताना रुची अवघडली होती, एवढं ते जड झालं होतं.

गोरज झाली. मंगलाष्टकं झाली. मुलगी निघाली. लोक डोळे पुसत उठू लागले, तेव्हा नारायणराव म्हणाले, "मंडळी, बसा. कार्य अजून संपलं नाही."

ते देवकापुढे बसले. रुची शेजारी बसली.

"आलात, बसलात, कार्य गोड झालं," ते म्हणाले. "आता सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी सुखानं जावं."

सूप हलवायचं तेवढं उरलं. हात उठेना.

"अहो," शेजारून हलकेच आलं, "आणखी थोडं थांबलं असतं."

त्यांनी मान वळवली. चेहरा रुचीचा होता. ओठ शांत होते, पण डोळ्यांत ती सरदारपूरची पोर घाबरून बसली होती.

"नर्मदे," ते म्हणाले, "ही दुसऱ्याची लेक आहे ग."

मग त्यांच्या हातावर एक हात आला. सूप दोघांनी मिळून हलवलं.

पंगती उठल्या.

वडीलधारी आधी, मग बायका, मग पोरं, जुन्या लग्नांत उठायची तशी. लुगड्यांची सळसळ नाही, घसा खाकरणं नाही. एकेक जण दाराकडे गेला.

रुची वधूमाय म्हणून उंबऱ्याशी उभी राहिली आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाला हात जोडत राहिली.

चपलांपाशी कुणी वाकलं नाही.

नारायणराव एक पाठ शोधत होते. सापडली. तिनं वळून पाहिलं नाही, आणि त्यांनी हाक मारली नाही.

जमिनीवर इथं-तिथं बसलेली थोडी माणसं उरली. त्यांत कृष्णराव होते, हात जोडून, एकही तक्रार न करता.

"बाबा, पानी," रुची म्हणाली. "गळा सूख गया."

तिनं तांब्याभर पाणी पिऊन तिथंच आईला फोन लावला. "बई, कंई करी री हे?" तिनं मालवीत विचारलं, आणि पलीकडची माउली हसत-रडत सुटली. नारायणराव खांबाला टेकून मनसोक्त रडले. रडण्यात निम्मं सुख होतं.

व्हरांड्यात त्या दिवशी मत पडलं, की शेवट थोडा लांबला, पण जिवाला बरं वाटलं. गर्दी जरा बेताचीच होती म्हणे. आणि वधूमायची मराठी शेवटी शेवटी फारच घसरली. ही तक्रार नारायणरावांना लाडवापेक्षा गोड लागली.

घराकडे जाताना रुची भरभरून बोलत होती, निम्मं हिंदीत. मधले महिने तिला धूसर आठवत होते. निरोप मात्र लख्ख आठवत होता. प्रेक्षक किती भूमिकेत शिरतात, याचं तिला हसू येत होतं.

"एक आजी होत्या बाबा, नऊवारीतल्या, एकदम छोट्याशा. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, 'अक्षय्य तृतीयेला आमच्या नानूला धाडून दे.' मी विचारलं, कोण नानू? तर तुमच्याकडे बोट दाखवलं."

नारायणरावांचा पाय थबकला. नानू म्हणणारी त्यांची आई अजेयच्या जन्माआधीच गेली होती.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो, धाडते. लग्नघरात नाही थोडंच म्हणतात?" रुची हसली आणि रस्ता ओलांडायला तिनं त्यांचा हात धरला. "तर म्हणतात कशा, 'एकटा कसा येईल ग तो? अंधाराला भितो.' मग मी म्हटलं, एकटे कशाला, मी येते ना त्यांना घेऊन."