बाटलीतली दुसरीच बिअर

घड्याळजींनी टॉवेलात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. "बाई, माझ्या मुलाची शेवटची बिअर चोरीला गेली. बाटली जागच्या जागी आहे, आतली बिअर गेली."

बाई पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर लोकांची कोडी सोडवायच्या. शेजारचे दातांचे डॉक्टर प्रत्येक प्रकरणात त्यांच्यासोबत असत आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

घड्याळजींचा मुलगा एका मित्राच्या भागीदारीत बेल्जियन पद्धतीच्या बिअर बनवायचा. चार वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला. त्याच्या हातची एकच बाटली उरली होती. काल त्याचा वाढदिवस, म्हणून घड्याळजींनी सुनेला आणि भागीदाराला बोलावून पाच बिअर ओळीने चाखायला मांडल्या. आधी गव्हाची, संत्र्याच्या सालीच्या वासाची. मग सोनेरी ट्रिपेल, लवंगेसारखी झणझणीत. मग लाकडी पिंपातली आंबट. मग तपकिरी डुबेल, मनुकांच्या चवीची. आणि शेवटी मुलाची क्वाड. दिसायला डुबेलच्या जवळची, पण बरीच जास्त कडक आणि वर्षानुवर्षं मुरणारी.

"पहिल्याच घोटाला कळलं, ही त्याची नाही," घड्याळजी म्हणाले. "तो असताना याच खेपेतली प्यायलो होतो मी."

बाटली कपाटात कुलूपबंद असे. किल्ली घड्याळाच्या साखळीला, साखळी रात्रंदिवस अंगावर.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "अशा बिअरच्या तळाशी यीस्टचा थर बसतो. इथे तळ लख्ख आहे." मग त्यांनी बूच पाहिलं. ते कोरं करकरीत होतं.

घड्याळजींच्या घरी जाताना वाटेत त्यांनी चौकातलं मोठं घड्याळ आपण कसं दुरुस्त केलं ते सांगितलं. बाईंच्या घरी चहा पिताना हे एकदा सांगून झालं होतं. म्हातारं माणूस, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा हुंकार भरला. घरी स्वयंपाकघरातल्या खणांवर चिठ्ठ्या होत्या: चमचे, औषधं, काडेपेटी. डॉक्टरांना घड्याळजींच्या टापटिपीचं कौतुक वाटलं. अक्षर मात्र घड्याळजींच्या बायकोचं होतं.

भागीदार आणि सून दोघांना बोलावून घेतलं होतं. आपल्यावर संशय म्हणून भागीदार दुखावलेला होता. कालच्या आधी वर्षभर तो या घरी फिरकला नव्हता. बाटल्यांना बूच बसवायचं हातयंत्र मुलाच्या सामानासोबत इथेच राहिलं होतं, हे त्यानेच सांगितलं. "मला फसवायचंच असतं तर आमची आजची क्वाड भरली असती. काल चाखली ती तर डुबेल होती. ती कोण भरेल? बिअरमधलं काही कळणारा माणूस हे करणार नाही."

सून नर्स होती, दर रविवारी यायची. बाटली एकदाची उघडून टाका, असं तिने सासऱ्यांना कितीदा विनवलं होतं. ती जपून माणूस परत येत नाही, असं ती म्हणाली. सासऱ्यांच्या तब्येतीचं विचारताच तिने सासूकडे पाहिलं आणि विषय बदलला.

डॉक्टरांनी मनातल्या मनात सुनेला दोषी ठरवून टाकलं.

घड्याळजींच्या बायकोने, वहिनींनी, चहा दिला. कालचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी पीत नाही. मला सगळ्या सारख्याच, रंग तेवढा कळतो."

बाईंनी फ्रिजमधली उरलेली डुबेल एका ग्लासात ओतली, मुलाच्या बाटलीतला उरलेला घोट दुसऱ्यात. डॉक्टरांनी दोन्ही चाखल्या. एकच होत्या.

मग बाईंनी घड्याळजींना गच्चीत बसायला सांगितलं आणि बाकीच्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"चोर बाटली घेऊन जातो," बाई म्हणाल्या. "ती धुऊन, भरून, बूच लावून परत ठेवत नाही. कुणाला कळू नये म्हणून जपणारं माणूस हे करतं. त्याला यंत्र हाताशी हवं, म्हणजे ते घरातलं. आणि त्याने रंग पाहून बिअर निवडली, चव नाही. वहिनी, भरली तुम्ही. पण कपाट तुम्ही उघडलं नाही. किल्ली एकाच माणसाकडे असते."

"म्हणजे ते स्वतः?" डॉक्टर म्हणाले. "मग त्यांना आठवत कसं नाही?"

बाईंनी खणांवरच्या चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. "मोठ्या घड्याळाची गोष्ट आज तुम्ही कितीदा ऐकली, डॉक्टर?"

"दोनदा," डॉक्टर म्हणाले.

वहिनी ओट्याला टेकल्या. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ते ती बिअर प्यायले होते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवेना. कपाट उघडं टाकून ते घरभर बाटली शोधू लागले, तेवढ्यात वहिनींनी रिकामी बाटली धुऊन, घरातली डुबेल भरून, बूच लावून आत ठेवून दिली. तेव्हा सुनेने त्यांना तपासायला नेलं. विस्मरणाचा आजार निघाला, पण ते त्यांना सांगायचं कुणाचं धाडस झालं नाही.

"आम्ही सांगणार होतो," सून म्हणाली.

दारात घड्याळजी उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "बाई, दुसरं कुणीतरी निघावं म्हणून आलो होतो तुमच्याकडे."

ते बायकोसमोर खुर्ची ओढून बसले.

"अगं, कशी होती ती? मी काय म्हणालो?"

"तुम्ही आधी नुसता वास घेत बसलात," त्या म्हणाल्या. "मग म्हणालात, पोराला जमलं. आणि ग्लास माझ्यापुढे धरलात."

"प्यायलीस?"

"प्यायले की. जन्मात पहिल्यांदा."

"कडू होती?"

"नाही हो. आधी कडू वाटली. मग गोड."

घड्याळजींनी डोळे मिटले. ती दुपार आत कुठे सापडते का, ते बघत असावेत. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.