कोपऱ्याचा मान

नागपूरच्या सदर बाजारामागे एका गल्लीत डिसूझांची दगडी बिल्डिंग अजून उभी आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, तेव्हाची म्हणतात. उंच छत, सागवानी दारं, हातभर जाड भिंती. बाहेर ऊन भाजून काढत असलं तरी आत पाऊल टाकलं की अंगावर ओलं फडकं पडल्यासारखा गारवा. आधी तिथे साहेबलोकांसाठी विलायती दारूचं दुकान होतं, मग कचेरीतल्या बाबूंची बैठक, आणि शेवटची कितीतरी वर्षं रिव्हरसाइड बार. जवळपास नदी सोडा, नालासुद्धा नाही. "नदी आतमधी वाहते," असं पिणारे म्हणत.

मालकाची मुलं पुण्याला गेली, बार बंद पडला, आणि खालचा हॉल लतिकाबाईंनी फराळाच्या दुकानासाठी भाड्याने घेतला. साबुदाण्याची उसळ, भगर, शिंगाड्याचं थालीपीठ, ताक. गल्ली हसली. हसण्यासारखंच होतं. लतिकाबाईंचे यजमान मार्तंडराव याच बारमध्ये रोज संध्याकाळी बसत आणि रोज कोणीतरी त्यांना घरी आणून सोडत असे. आता ती सवय सुटली होती, आणि जागा त्यांनीच सुचवली होती. "जिथं पडलो, तिथंच उभा राहून दाखवतो," म्हणाले. लतिकाबाईंनी देवापुढे हात जोडले. यांना एवढं सांभाळ, दुसरं काही मागणार नाही.

पहिल्याच आठवड्यात चंपतराव आले. मार्तंडरावांचे त्या दिवसांतले जोडीदार. डॉक्टरच्या धाकाने ताकावर आलेले. ताकाचा पेला हातात घेतला, बोट बुडवलं आणि कोपऱ्यातल्या काळ्या फरशीवर एक थेंब उडवला.

"हे काय भाऊजी?"

"कोपऱ्याचा मान, वहिनी. त्याले पहिला थेंब देल्याबिगर इथं कोणी पेग तोंडाले लावत नोव्हतं. विचारा तुमच्या मालकाले. तो तं दोनदा टाके. मोठा भक्त."

"चूप बस गा," मार्तंडराव म्हणाले. ते हसले नाहीत.

लतिकाबाई फरशीकडे पाहत होत्या. ताकाचा थेंब पडला तिथे डाग उरला नव्हता.

मग त्यांच्या लक्षात येऊ लागलं. पावसाळी हवेत सगळा हॉल पुसल्यावर तासभर ओला राही, तो कोपरा मात्र फडकं उचलायच्या आत कोरडा. तिथे पाण्याचा माठ ठेवला, तर संध्याकाळी अर्ध्यावर आलेला. माठ पाझरत नव्हता. त्यांनी तो हलवून दाराशी ठेवला, आणि त्या दिवसापासून दिवेलागणीला मार्तंडरावांचे हात कापू लागले. एकदा पोळपाट धुऊन त्या बाहेर आल्या, तर ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले. समोर काही नाही. नुसते बसलेले.

"काहून बसलात तिथं?"

"कोणीतरी सरकून जागा दिल्यासारखं वाटलं," ते म्हणाले.

भिऊन बसण्याचा लतिकाबाईंचा स्वभाव नव्हता. मागतो त्याला रिकामं पाठवू नये, हे त्या आईच्या घरून शिकून आल्या होत्या. मागणं थेंबाचंच असेल, तर थेंब देवाघरचा असू दे.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या देव्हाऱ्याची पूजा आटोपल्यावर त्यांनी पंचपात्री कोपऱ्यात नेली आणि पळीभर तीर्थ फरशीवर सोडलं. तोंडून सवयीने निघून गेलं, रोज देईन. कोणाला, हे मनात आलं नाही. उरलेलं तीर्थ, जसं देवापुढे घेतात तसं, तळहातावर घेऊन त्यांनी प्राशन केलं.

त्या संध्याकाळी मार्तंडरावांचे हात स्थिर होते. दुसऱ्या दिवशीही. ते गिऱ्हाइकांशी थट्टा करू लागले, भगर परतताना गुणगुणू लागले. लतिकाबाईंचा नेम चालू राहिला. पूजा, पळीभर कोपऱ्याला, उरलेलं स्वतःला.

चंपतराव पुन्हा आले, तेव्हा त्यांनी सरळ ताक प्यायलं.

"आज मान नाही दिला?"

"इथं आता त्याचं पोट भरलेलं वाटते, वहिनी," ते म्हणाले, आणि पेला अर्धा ठेवून उठले. त्यानंतर ते आले नाहीत.

श्रावणातला सोमवार होता. लतिकाबाईंचा कडक उपास. सकाळच्या तीर्थाखेरीज पोटात काही नाही. दिवसभर गर्दी होती. ऊन उतरल्यावर मार्तंडराव किल्ल्या घ्यायला गल्ल्याशी आले आणि हात पुढे करून तसेच थांबले.

"लतिका."

"हो."

"तोंडाचा वास येऊन राहिला तुझ्या."

"उपासाचा असेल."

"उपासाचा मला माहीत आहे. आणि हाही माहीत आहे."

त्यांनी देव्हाऱ्यातली पंचपात्री उचलली. हुंगली. तळाशी राहिलेलं तीर्थ जिभेवर घेतलं.

"पाणी आहे," ते म्हणाले. "तुळशीचं."

मग मार्तंडराव परत जवळ आले, आणि वास येताच त्यांनी स्वतःचं तोंड बाजूला वळवलं. राग नव्हता. ओळख होती.

"केव्हापासून वं?"

"मी थेंबही घेतला नाही," लतिकाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी स्वतःच्या घराच्या दारात वर्षानुवर्षं ऐकलं होतं. आत्ता ते त्यांच्या तोंडून निघालं, तेव्हा शब्दांच्या कडा नीट जुळल्या नाहीत.

मार्तंडरावांनी दिवे मालवले, सागवानी दार ओढून कुलूप लावलं, आणि लतिकाबाईंचा दंड धरला. इथून घरी नेताना कितीतरी लोकांनी त्यांचा स्वतःचा धरला असेल, तसा.

"सावकाश," ते म्हणाले. "पायरी आहे."

"दिसते मला," म्हणत लतिकाबाईंनी हात सोडवून घेतला. पाऊल टाकलं. पायरी होती तिथे नव्हती.

लतिकाबाईंनी पुन्हा मार्तंडरावांचा हात शोधला.