भिंतीवर तीनदा

खिळ्यावर हातोडी जेमतेम दोनदा पडली असेल, तोच दारात एक उंचापुरा तरुण रिकामा कप घेऊन हजर!

"ठेवला व्हय?"

"काय?"

"चहा!"

प्रांजलने हातोडी पाठीमागे लपवली. घटस्फोटानंतर दीड वर्षांच्या लेकीला, सृष्टीला घेऊन ती कालच सांगलीला, आत्याच्या या रिकाम्या खोलीत आली होती. आणि पहिलाच शेजारी असा!

"तुमीच भिंत वाजवली की दोनदा," तो ओशाळला. "मी अमृत, पलीकडचा. हितं दोनदा म्हंजे चहा ठेवलाय, या."

नगरपालिकेने ही चाळ फार पूर्वी आपल्या कामगारांसाठी बांधली, झाडूवाल्यांसाठी, दिवाबत्तीवाल्यांसाठी. अमृतचे आजोबा पाणीखात्यात होते, आता तो स्वतः. विटा वाचवायला मधल्या भिंती पातळ घातल्या. शेजारी शिंकला तरी ऐकू येई. मग बायकांनी भिंतीलाच बोलायला लावलं. एकदा वाजली की मीठमिरची हवी, दोनदा वाजली की चहा.

"आणि तीनदा?"

अमृतचे कान लाल झाले. "ते... सांगंल कुणीतरी."

चहा झाला. मग रोजच होऊ लागला. सृष्टी त्याच्या खांद्यावर बसून मिशा ओढायची आणि तो कपाआडून प्रांजलकडे बघायचा... की तिला उगाच तसं वाटायचं? हा चहासाठी येतो, की—? पोरीच्या आईने असलं मनात तरी आणावं का? दिवेलागणीला इकडे सृष्टी भांडी आपटायची, तिकडे हा काहीतरी ठोकत बसायचा. घर म्हणावं की लोहाराचं दुकान!

एका रविवारी तो आला, पण बसला नाही.

"चाळ पाडणार हायत. नव्या इमारतीतलं घर उद्या निवडायचंय. तुमच्या शेजारचं मागू? तुमी रोज तीनदा वाजवता... म्हणून धीर केला."

"मी?"

पण तो लाजून गेलासुद्धा.

प्रांजल सृष्टीला घेऊन तशीच खाली राहीबाईंकडे गेली. चाळीत सगळ्यात जुन्या त्याच. त्या बोळक्या तोंडाने खुदकन हसल्या. "आगं, पुरुष दिवाबत्तीला गेलं की बाया एकट्या. पोरगं तापानं फणफणलेलं. मग शेजारीण तीनदा वाजवायची. घाबरू नगं, मी हाय! फुडं तरण्या पोरांनी त्येचं भलतंच केलं, पिरमाची खूण!"

ती गोंधळून वर आली. सृष्टीला खाली ठेवलं, तशी पोरीने वाटी उचलली आणि भिंतीवर आपटली. टक, टक, टक.

पलीकडून लगेच उत्तर... टक, टक, टक.

अगंबाई!

तिने जाऊन सांगूनच टाकलं. "अमृत, ते... मी नव्हते. सृष्टी होती."

"म्हंजे इतके दिस मी ह्या चिमणीला...?" तो हसला, पण डोळे काही हसले नाहीत. "असू द्या. मग लांबचं घर मागतो. तुमाला अवघडायला नको."

सृष्टी झोपली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं... वाटेना. दिवेलागण झाली तरी भिंत गप्प होती. सृष्टीला ताप होता त्या संध्याकाळी हीच ठोकाठोक ऐकत आपण धीराने बसलो होतो, तिला आठवलं. एकदा चुकलेलं माणूस पुन्हा चुकलं तर? आणि नाहीच चुकलं... तर?

तिने मूठ वळली. एक. दोन. हात थबकला... तीन.

मग भिंतीतून दबका आवाज आला.

"कोण, सृष्टी?"

प्रांजलने भिंतीला गाल टेकवला.

"सृष्टी झोपलीय."