दहा मिनिटं सावलीत

तो पहिल्यांदा गेटवर आला तेव्हा मला टाचा उंचवाव्या लागल्या.

"वाका जरा," म्हणत मी त्याच्या कपाळासमोर ताप मोजायची गन धरली. नव्याण्णव पॉइंट आठ!

"सायकलवर आलोय... ऊन फार आहे." मास्कच्या वर डोळे तेवढे हसले.

कपाळ तापलं असेल तर दहा मिनिटं सावलीत बाकावर बसवायचं आणि पुन्हा मोजायचं, असा नियमच होता. साथीमुळे आमच्या कपड्यांच्या कारखान्यात निम्मेच लोक उरले होते. पॅकिंग बंद पडलं, म्हणून मला गेटवर उभं केलेलं. खरा ताप निघाला की चौदा दिवस घरी, बिनपगारी. आणि शनिवारी कामावरून कमी केलेल्यांची यादी लागली की त्यात अशांची नावं हटकून असायची.

तो कटिंगवर होता. उंचीमुळे सगळे त्याला उंट म्हणत. उंट रोज तापलेलाच यायचा.

"सावलीच्या रस्त्याने येत जा की!" मी एकदा वैतागले.

"आहे ना तसा रस्ता. जवळचाही आहे."

"मग?"

"त्याने आलो तर... थेट आत जावं लागेल."

मास्क होता म्हणून माझं लाजणं लपलं.

मग एके दिवशी सकाळपासून आभाळ आलेलं. शंभर पॉइंट चार.

"आज तर ऊनही नाही, चावट कुठले," मी म्हणाले. तो हसला नाही.

दहा मिनिटांनी शंभर पॉइंट सहा. वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं तर कोणाला कळणार होतं? पण आत चाळीस माणसं होती, आणि घरी माझे दम्याचे बाबा.

"लिही," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत. "आणि लांब उभी राहा."

मी लिहिलं. तो सायकल ढकलत चालत गेला.

शनिवारच्या यादीत त्याचं नाव तिसरं होतं. रोज दहा मिनिटं गप्पा मारल्या, पण साधा फोन नंबर घ्यायची बुद्धी मला सुचली नव्हती! जगलाय की नाही, हेही कळेना.

सोळाव्या दिवशी तो आला. वाळलेला, पण स्वतःच्या पायांवर. न सांगता वाकला.

अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

"यादी कळली," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही, एवढंच सांगायला आलो. जाऊ... मी?"

"बस तिथे. दहा मिनिटं."

"ताप नाही तरी? नियम काय सांगतो?"

"नियम गेला खड्ड्यात. नोकरी असो नसो, मला तू हवा आहेस."

तो बाकावर बसला. मग हळूच कपाळ पुढे केलं.

"आता मोज," म्हणाला, "आता नक्की तापलं असेल."