कोळी का पडला?

"हा कागद मी फाडणार! आत्ताच्या आत्ता फाडणार!"

"ठिणगे, हळू बोल! मॅनेजर आतच आहे," तिचा चष्मेवाला दोस्त प्रोफेसर कुजबुजला.

"असू दे! ऐकू दे त्याला!"

बारा वर्षांच्या त्या मुलीला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. आज तर तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. समोरच्या बंद दारावर कागद चिकटवलेला होता : 'कारागिराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. त्याला कामावरून काढण्यात आले आहे. साहसनगरी रविवारी पुन्हा सुरू.'

तो कारागीर म्हणजे ठिणगीचा मामा.

साहसनगरी म्हणजे एक भलामोठा हॉल. कुणी जादूगार व्हायचं, कुणी धनुर्धारी, कुणी सरदार, आणि खोट्या जंगलातून, झुलत्या पुलावरून वाट काढत शेवटच्या गुहेत शिरायचं. गुहेत राक्षसी कोळी! एकेक कोळी जेवणाच्या टेबलाएवढा. पाचही मामानंच बनवलेले. वेताच्या फासळ्या, वर काळी लोकर, सायकलच्या लाल काचांचे आठ डोळे. खेळाडू खाली आला की कोळी छतावरून सर्रकन उतरायचा आणि डोक्यापासून हातभर वर थांबायचा. मग किंचाळत, हसत त्याच्यावर मंत्र फेकायचे!

गेल्या आठवड्यात एक कोळी थांबलाच नाही. खाली टिंगू होता, ठिणगीच्या टोळीतला सगळ्यांत छोटा. त्यानं ऐनवेळी उडी मारली म्हणून हातावर निभावलं. आता त्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

ठिणगी, प्रोफेसर आणि टिंगू, तिघंही तडक मामाकडे गेली. मामा हत्यारं पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकून बसला होता.

"मामा, तू गप्प का बसलायस? जाऊन भांड ना त्यांच्याशी!"

"भांडलो गं. पण साखळी सापडली नाही आणि मी खोटा पडलो."

"कसली साखळी?" टिंगूनं विचारलं.

"कोळ्याचं वजन दोर पेलतो. पण दोर आज ना उद्या झिजणारच. तो तुटला तर कोळ्याला धरायला साखळी. पाचही कोळ्यांना मी लावली होती. एकेक साखळी ओढून पाहतो आणि शेवटच्या कडीला पिवळा रंग फासतो, म्हणजे ही तपासली. मॅनेजर म्हणतो, साखळ्या कधी नव्हत्याच."

टिंगूनं मान खाली घातली. "माझ्या आईलाही वाटतं, तुमचीच चूक आहे म्हणून."

"आणि तुला?" ठिणगी त्याच्यावर खेकसली. "तुला काय वाटतं?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? तसं वाटलं असतं तर मी आलो असतो का इथं?"

ठिणगी ओशाळली. पण राग काही उतरेना.

दुसऱ्या दिवशी तिघांनी हॉलच्या मागची बाजू पिंजून काढली. भंगाराचा ढीग उपसला, रंगाचे रिकामे डबे उलथेपालथे केले. साखळी काही मिळेना. घामानं डबडबलेली ठिणगी गाड्या लावायच्या जागेपाशी आली आणि वैतागून तिथल्या खांबाला तिनं सणसणीत लाथ हाणली.

खळ्ळ!

"आई गं! माझा अंगठा!"

"अंगठा राहू दे! खाली बघ!" प्रोफेसर जवळजवळ किंचाळलाच.

खांबाखांबांत नव्याकोऱ्या साखळ्या ताणून बांधल्या होत्या. एका टोकाला मोठं कुलूप. आणि त्याच्याजवळच्या कडीवर पिवळा रंग! प्रोफेसरनं चष्मा सावरत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच!

"पोरांचा जीव सांभाळायच्या साखळ्या," ठिणगी दातओठ खात म्हणाली, "आणि ह्यानं गाड्यांना कुंपण केलं! चला, सोडवून नेऊ या."

"अजिबात नाही! नेल्या की तो म्हणेल, रंग पोरांनीच फासला. जागेवरच राहू देत. कुलूप त्याचं, किल्लीही त्याच्याचकडे."

त्यांनी साहसनगरीच्या मालकीणबाईंना ऑफिसात फोन लावला, तर उचलला मॅनेजरनंच. "बाई रविवारी येतील. पोरांनी मधे मधे करायचं नाही!" खाड्कन फोन बंद.

"रविवारी पोरं त्या कोळ्यांखाली जाणार," टिंगू पुटपुटला.

"एकही जाणार नाही," ठिणगी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्तच भीतिदायक होतं. "प्रोफेसर, नियमपुस्तक तुला तोंडपाठ आहे ना? खेळात गुहापाल तो मॅनेजरच होतो ना? मला त्याला गुहेत न्यायचंय."

रविवारी हॉल गच्च भरला. कठड्यापाशी आईबाप, पुढे मालकीणबाई. काळा झगा घालून, हातात माइक घेऊन मॅनेजर गुहापाल झाला होता. पहिल्या तुकडीत जादूगाराची टोपी घातलेली ठिणगी, पाठीवर धनुष्य लावलेला प्रोफेसर आणि मागे आठ-नऊ वर्षांची चारपाच मुलं. हात प्लास्टरमध्ये म्हणून टिंगू कठड्यापाशीच थांबला होता.

"शूर वीरांनो, गुहेत पाऊल टाका!" मॅनेजर गरजला.

ठिणगी वाटेत आडवी उभी राहिली. "थांबा! मी सतरावा नियम मागते!"

प्रोफेसरनं घसा खाकरला. "नियम सतरावा : खेळाडूनं मागणी केल्यास गुहापाल स्वतः पुढे चालून वाट दाखवील."

मॅनेजर हसला. "अगं, तो नियम नुसता पुस्तकापुरता..."

"जा की!" कठड्यावरून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. मालकीणबाईही हसल्या. "जा हो, नियम तुम्हीच लिहिलाय."

मॅनेजर निघाला. कोळ्याची सावली जिथं सुरू होत होती, तिथं त्याचे पाय अडखळले.

"अजून दोन पावलं, गुहापाल!"

त्यानं वर पाहिलं. आठ लाल डोळे चमकत होते. त्याच्या कपाळावर घाम फुटला. "आधी... आधी मोटर बंद करा."

"का?" ठिणगीचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "ही एवढीएवढी पोरं तिथं उभी राहणार होती ना? तेव्हा नव्हती ती बंद करायची? तुम्हाला माहीत आहे वर साखळी नाही! माहीत होतं, तरी माझ्या मामाला चोरासारखं हाकललंत!"



"बाई, साखळ्या बाहेर आहेत!" टिंगू कठड्यावरून ओरडला. "गाड्यांच्या जागेत! चला, दाखवतो!"

मालकीणबाईंनी मोटर बंद करायला लावली, सगळ्या मुलांना बाहेर काढलं आणि टिंगूच्या मागोमाग गेल्या. पिवळ्या कड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "किल्ली कुणाकडे आहे?"

मॅनेजरचा हात आपोआप खिशाकडे गेला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "फोटोत साखळ्या दिसायच्या हो... कोळी खोटे वाटायचे. मला वाटलं, दोर पुरेल."

"आणि पुरला नाही, तेव्हा दुसऱ्याच्या माथी मारलंत," मालकीणबाई म्हणाल्या. "झगा उतरवा. उद्यापासून येऊ नका." मग त्या ठिणगीकडे वळल्या. "शाब्बास, मुली! तुम्ही तिघांनी..."

"शाबासकी नंतर. मामाला न विचारता तुम्ही कागद चिकटवलात. माफी मागा त्याची. ह्या सगळ्यांसमोर."

कुणीतरी "अगं, मोठ्यांशी असं..." म्हणू लागलं, पण मालकीणबाईंनी हात वर केला. "बरोबर बोलतेय ती."

मामाला बोलावणं गेलं. मालकीणबाईंनी स्वतःच्या हातानं कागद फाडला आणि माइकवरून माफी मागितली. टिंगूची आई पुढे झाली. "माझंही चुकलं, भाऊ."

मामानं मान हलवली. "ते झालं. पण पाचही कोळी आधी खाली उतरवू."

दुपारपर्यंत कोळी जमिनीवर होते. दोर तपासता तपासता मामा एका जागी थबकला आणि त्यानं तो ठिणगीच्या हातात दिला. ज्या कोळ्याखाली ती सगळी पोरं जाणार होती, त्याचा दोर अर्ध्याहून जास्त झिजला होता. दोनच पेड शिल्लक होते.

ठिणगी तो दोर मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. मालकीणबाई तिच्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "आज तुम्ही पोरांनी आमचे डोळे उघडलेत गं," त्या हलकेच म्हणाल्या.

त्या गेल्यावर ठिणगीनं डोळे पुसले. "मामा, माझा राग अजून गेलेला नाही."

"सगळा घालवू नकोस," मामा साखळी खांद्यावर टाकत म्हणाला. "ह्या कामाला थोडा लागतो. चल, शिडी धर."

आणि तिनं शिडी घट्ट धरली.