जोब टॅन्स्लेचा कळप

खापरपणजोबाचा शोध घेण्यात विनिफ्रेड टॅन्स्लेची चार वर्षं गेली. जन्मभर तिनं शाळेत गणित शिकवलेलं. ऐकीव गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. हाती लागली ती ससेक्स परगण्यातल्या एका खेड्यातल्या चर्चच्या दफनांच्या नोंदवहीतली एकच ओळ: जोब टॅन्स्ले, मेंढपाळ, वय एकेचाळीस, मार्च १८३६. त्याच्या नावाचा दगड कुठं नव्हता. कबर कुठली, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"टेकडीवर इनोक पॅडविकला विचारा," पाद्री म्हणाला. "त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरंच."

भर दुपारी ती धापा टाकत वर पोचली. खडूच्या मातीची पांढरी वाट, आखूड गवत, लांबवर समुद्राची रेघ. म्हातारा इनोक काठीवर रेलून उभा होता. त्याची कुत्री टेस पायाशी पडली होती, आसपास मेंढरं चरत होती. विनिफ्रेडनं त्याला नोंदवहीतली ओळ वाचून दाखवली.

"लोक पूर्वजांत सरदार शोधतात," तो हसला. "तुम्हाला मेंढपाळच सापडला होय?"

"सरदारांना शोधणारे पुष्कळ आहेत."

"हंऽ! तेही खरंच." त्यानं काठीनं उतारावरचा एक खळगा दाखवला. "माझा आजा सांगायचा, एक टॅन्स्ले तिथं बर्फात गोठून गेला. कळप सोडून खाली यायला तयारच नव्हता म्हणे. एवढंच माहितेय बघा."

विनिफ्रेड खळग्यापाशी गेली. भाऊ गेल्यापासून घराण्यात ती एकटीच उरली होती.

"मी विनिफ्रेड," ती खळग्याकडे बघत ओशाळून पुटपुटली. "तुमच्या धाकट्या मुलाच्या वंशातली. शेवटचीच."

गवत खुडण्याचा आवाज थांबला.

तीनशे मेंढरांनी माना वर केल्या होत्या. मग सगळी तिच्याकडे चालत आली. धावपळ नाही, बें बें नाही. तिच्याभोवती त्यांनी कडं केलं. तिच्या डाव्या हाताला मात्र एका माणसापुरती जागा मोकळी सोडली.

"तुम्ही हाक मारलीत त्यांना?" इनोकचा आवाज चिरकला.

"नाही."

"मग कुणी?"

घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. पण तिचे डोळे भरून आले होते.

मोकळ्या जागेतलं गवत दबलं. पाऊलभर पुढे पुन्हा दबलं. मेंढरं बाजूला झाली, वाट पडली, आणि सगळा कळप त्या वाटेनं टेकडी चढू लागला.

टेसही त्यांच्यामागे निघाली. इनोकनं शीळ घातली. टेस थांबली नाही.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सांजेला कळप खाली आणायला सांगा त्यांना."

विनिफ्रेडनं सांगितलं.

माथ्यावर टेस बसली आणि तिनं तोंड वर केलं. कुणी कुरवाळावा तसा तिचा एक कान मागे दुमडला, आणि बराच वेळ तसाच राहिला.