शेकोटीपुढची पाठ

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. शामलाआत्यानं सांगितलं तसंच सांगतोय. आणि आत्या उगाच काही बोलणारी बाई नव्हती.

साल एकोणीसशे एकोणसाठ. माघ महिना. लोहाऱ्याजवळचं आत्याचं शेत.

आत्या उमरग्याला मुलींना चित्रकला शिकवायची. तिला तैलरंगात एक चित्र करायचं होतं. काळोखी रात्र, शेकोटी आणि भोवती बसलेली माणसं. तेही समोर बघून.

अंधार पडताच सालगडी सिद्रामप्पानं शेकोटी पेटवली. तो, त्याची बायको चन्नम्मा आणि आत्याचे यजमान नारायणराव शेकत बसले. चन्नम्माची गिरिजा, नुकतीच चालायला लागलेली पोर, डाव्या बाजूला कडब्याच्या गंजीपाशी वाकळेत झोपली होती.

आत्या लांब, अंधारात उभी. समोर कॅनव्हास, शेजारी कंदील.

तिघांचे चेहरे तांबूस उजळले होते. आत्याचा हात भराभर चालत होता.

मग तिला जाणवलं... रातकिडे थांबलेत.

शेकोटीत काटक्या फुटत होत्या. ठिणग्या उडत होत्या. पण आवाज येत नव्हता.

तिनं मान वर केली.

शेकोटीच्या अलीकडं कुणीतरी बसलं होतं...

आत्याकडं पाठ करून. डोक्यावर पदर. पाठीला बाक.

शेजारच्या शेतातली म्हातारी विस्तव न्यायला आली असेल, असं आत्याला वाटलं. त्या काळ्या पाठीला कडेनं जाळाची रेघ फार छान दिसत होती. आत्यानं ती चित्रात घेतली. फक्त नारायणरावांचं तोंड झाकलं जात होतं.

"आजी, जरा डावीकडं सरका."

म्हातारी सरकली.

"कुणाला म्हणतेस गं?" नारायणरावांनी विचारलं.

आत्याला वाटलं, चेष्टा करतायत. तिनं सावलीसाठी रंग कालवला आणि जमिनीकडं बघितलं.

म्हातारीची सावली अलीकडं पडायला हवी होती...

तिथं नुसता जाळाचा उजेड होता.

ब्रश हातातच राहिला.

म्हातारी अजून सरकत होती. बसल्या बसल्याच. डावीकडं... उजेडाच्या बाहेर... गंजीकडं.

आत्या धावतच शेकोटीपाशी आली.

"सिद्रामप्पा, इथं बसलेली म्हातारी कोण?"

"हितं तर कोणच न्हाय, बाई."

"अहो, पाठीत वाकलेली. उजवा खांदा खाली झुकलेला..."

सिद्रामप्पाचं तोंड पांढरंफटक पडलं.

"अव्वा," तो म्हणाला. "माझी आई. मागल्या साली ह्याच शेतातल्या विहिरीत..."

पुढचं ऐकायला चन्नम्मा थांबलीच नाही. ती गंजीकडं पळाली.

वाकळ होती. अजून उबदार होती.

पोर नव्हती.

"गिरिजे!" चन्नम्मानं हंबरडा फोडला. नारायणरावांनी कंदील उचलला. गंजीमागं बघितलं. ओढ्याकडं बघितलं. हाका मारल्या.

ओ नाही.

मग विहिरीकडून हसू आलं... कुणी गुदगुल्या केल्यावर लहान पोर हसतं, तसं.

विहिरीला कठडा नव्हता. गिरिजा अगदी काठावर बसली होती. पाय आत सोडून. एकटी.

कुणी ओरडलं नाही. दचकून ती आतच गेली असती.

सिद्रामप्पानं जमिनीवर पालथं पडून, सरपटत जाऊन तिला मागं ओढलं. तोवर ती हसतच होती.

बापाच्या हातात आली आणि रडायला लागली. विहिरीकडं हात करून. परत जायचं म्हणून...

उजाडताच सिद्रामप्पानं बिऱ्हाड मुरुमला हलवलं. आत्यानं ते चित्र पुढं हाती घेतलं नाही. ती गेल्यावर ते माझ्याकडं आलं. कपाटामागं कापडात गुंडाळून ठेवलंय. टाकवत नाही, आणि भिंतीवर लावायची माझी हिंमत होत नाही.

आत्याला मी एकदा विचारलं होतं, "ती पोरीला आत नेत होती, का पडू नये म्हणून धरून बसली होती?"



"मी तिची पाठ बघितली रे. तोंड कुठं बघितलं?"